निसर्गशेतीवरील आक्षेप आणि शेताची आखणी

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या शेतीविरुद्ध जे युक्तिवाद केले जातात, त्यांतला सर्वांत प्रबळ युक्तिवाद भुकेचा आहे. रासायनिक खते थांबली की उत्पादन घटते, उत्पादन घटले की एकतर धान्य आयात करावे लागते किंवा जंगल तोडून नवी जमीन नांगराखाली आणावी लागते, आणि या दोन्हींची झळ शेवटी गरिबांनाच बसते, असे त्याचे स्वरूप आहे. आणि तो करणाऱ्यांत आयुष्यभर पिकांवर संशोधन केलेली जबाबदार माणसे आहेत. २०१९ च्या जुलैमधील केंद्रीय अर्थसंकल्पात शून्य खर्चाच्या नैसर्गिक शेतीचा पुरस्कार झाल्यावर राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने त्याच वर्षी तिच्या प्रसाराविरुद्ध भूमिका घेतली, ती याच काळजीपोटी. अशा आक्षेपाला खत कंपन्यांची भाषा म्हणून झटकून टाकता येत नाही. तो नेमका कशावर आहे, हे तपासावे लागते. आणि तपासले असता असे दिसते की त्याचा सारा रोख एका समजुतीवर आहे: शेतीतून खत आणि औषध वजा केले की जे उरते ती निसर्गशेती. या समजुतीवर अकादमीतील शास्त्रज्ञांनी टीका करावी हे योग्यच आहे. खेदाची बाब अशी की निसर्गशेतीचे कितीतरी प्रचारकही नेमकी हीच समजूत घेऊन गावोगाव फिरत असतात, आणि त्यामुळे टीकाकार व प्रचारक यांचा वाद अशा एका गोष्टीभोवती फिरत राहतो जी मुळात पुनरुज्जीवक शेती नाहीच.

ज्या शेतीत जमिनीचा कस, मातीतील ओलावा आणि शिवारातील जीवसृष्टी दर वर्षी थोडी थोडी खर्ची पडण्याऐवजी थोडी थोडी वाढत जाते, तिला पुनरुज्जीवक शेती म्हणतात. या व्याख्येत काय वगळायचे याचा उल्लेख नाही. तिचा प्रश्न मांडणीचा आहे: पाणी कोठे थांबेल, झाड कोणत्या बांधावर येईल, कोणत्या पिकाच्या मागे कोणते पीक घ्यायचे, जनावरे कोठे बसतील, त्यांचे शेण कोठे मुरेल आणि या सगळ्यांत माणसाचे श्रम कोणत्या महिन्यात किती लागतील, हे एकमेकांशी सांगड घालून ठरवणे. या ठरवण्याला येथे आखणी म्हटले आहे. आखणी ही शिकण्याची विद्या आहे. तिच्यावाचून खत सोडणे हा केवळ उपवास ठरतो, आणि उपवासाने जमीन सुधारत नाही.

श्रीलंकेचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते, म्हणून ते नीट पाहिले पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात तेथील सरकारने रासायनिक खते आणि कीडनाशके यांच्या आयातीवर जवळजवळ एका फटक्यात बंदी घातली, आणि भात व चहा या दोन्ही पिकांचे हाल झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. त्या बंदीमागे परकीय चलनाच्या टंचाईचाही दबाव होता. बंदीपूर्वी शेतांची फेरमांडणी झालेली नव्हती, हिरवळीच्या खतांची पिके पुरेशी उभी राहिलेली नव्हती, सेंद्रिय खताचा साठा गरजेच्या जवळपासही नव्हता, आणि दशकानुदशके युरियावर वाढवलेल्या जमिनीला सावरायला एक हंगामही मिळाला नव्हता. ज्या शेतात नत्राचा एकमेव झरा पोत्यात होता, तेथे पोते बंद केल्यावर पीक पिवळे पडणार, हे सांगायला प्रयोगाची गरज नव्हती. याउलट सिक्कीमने २००३ मध्ये सेंद्रिय वाटेचा निर्णय घेतला आणि राज्य सेंद्रिय म्हणून घोषित झाले ते २०१६ मध्ये. तेथेही अडचणी आहेत, बाजारपेठेची अडचण तर मोठीच आहे. पण तेरा वर्षांचे अंतर आणि सहा महिन्यांचा हुकूम यांना एकाच मापाने मोजून एका अनुभवावरून सबंध विद्येवर निकाल देणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

उत्पादनाच्या तुलनेबद्दल जगभरचे पुरावे उपलब्ध आहेत आणि ते दोन्ही पक्षांनी पूर्ण वाचले पाहिजेत. २०१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या सॉयफर्ट आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात सेंद्रिय उत्पादन पारंपरिक रासायनिक शेतीपेक्षा, पीक व परिस्थितीनुसार, ५ ते ३४ टक्के कमी आढळले. २०१५ मध्ये पोनिसिओ आणि सहकाऱ्यांनी शंभरावर अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हा ही तूट सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास निघाली. निसर्गशेतीत उत्पादन कधीच घटत नाही, असे सांगणाऱ्यांनी हे आकडे लपवू नयेत. परंतु त्याच छाननीत पुढे असे दिसले की सेंद्रिय शेतात जेथे मिश्रपिके किंवा पिकांची फेरपालट होती, तेथे ही तूट ८ ते ९ टक्क्यांवर आली. यावर टीकाकार असे म्हणू शकतात की मिश्रपीक व फेरपालट रासायनिक शेतातही करता येते आणि मग अंतर पुन्हा रुंदावते. हे म्हणणे खरे आहे, आणि ते आखणीच्या बाजूचे आहे. शेतातील पिकांची नुसती मांडणी बदलल्याने जर एवढा फरक पडत असेल, तर खताला दिले जाणारे श्रेय कितीतरी अंशी मांडणीचे आहे आणि ती मांडणी आज बहुतेक शेतांत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील बाजरी आणि तुरीचे आंतरपीक घेतले तर हे स्पष्ट होते. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ, ही शिफारस राज्यातील कृषी विद्यापीठाचीच आहे. बाजरी तीन महिन्यांच्या आत निघते आणि तिची मुळे वरच्या थरात पसरतात. तूर पाच-सहा महिने उभी राहते, तिचे सोटमूळ खोल जाते, आणि बाजरी निघाल्यावर मोकळा झालेला उजेड व खालची ओल तिच्या वाट्याला येते. शिवाय तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि पानगळीतून त्यातला काही भाग जमिनीला परत मिळतो. दोन्ही पिके वेगवेगळी घेऊन तेवढेच धान्य पिकवायला किती जमीन लागली असती, या हिशेबाला क्षेत्रतुल्य गुणोत्तर म्हणतात. ते एकाहून अधिक आले की मिश्रपिकाने जमीन वाचवली असे ठरते. जंगल तुटेल म्हणून काळजी करणाऱ्यांनी हे गुणोत्तर आपल्या युक्तिवादात कधीतरी घ्यावे. एका पिकाचा पुढच्या पिकावर जो परिणाम होतो, त्याला शेतकऱ्यांच्या बोलीत बेवड म्हणतात: हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे हरभऱ्यानंतर येणारे पीक जोमाने वाढते.

आता दुसऱ्या बाजूचा विचार. नैसर्गिक शेतीच्या प्रचारात जीवामृताला जे स्थान मिळाले आहे, ते तपासायला साधे गणित पुरेसे आहे. एका एकरासाठी साधारणपणे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती मिसळून हे मिश्रण तयार करतात. ताज्या शेणात नत्र अर्धा टक्का, गोमूत्रात एक टक्का आणि पिठात साडेतीन टक्के, असे सढळ हाताने धरले तरी सबंध पिंपातील नत्र पाव किलोच्या आत राहते. हंगामात आठ वेळा ते दिले तरी दोन किलो भरत नाही. एकरी १० क्विंटल गहू पिकवला तर केवळ दाण्यांतून सुमारे २० किलो नत्र शेताबाहेर जाते. पुरस्कर्ते याला उत्तर देतात की जीवामृत हे खत नसून विरजण आहे, ते जमिनीतील जिवाणूंना चालना देते. हे मान्य केले तरी विरजणाला दूध लागते. आणि शेतीत ते दूध म्हणजे जमिनीवर पडणारा पाला, काडीकचरा, द्विदल पिकांची मुळे, बांधावरच्या गिरिपुष्पाची छाटणी आणि गोठ्यातील खत. शून्य खर्चाच्या नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक सुभाष पाळेकर यांच्या मांडणीतही आच्छादन आणि वाफसा यांना जीवामृताइतकेच स्थान आहे. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळीत पाणी साचून न राहता ओल आणि हवा एकत्र नांदण्याची अवस्था. पण गावातील एक दिवसाच्या प्रशिक्षणातून शेतकरी परततो तो पिंपाचा नुस्खा घेऊन. आच्छादनासाठी एकरी काही टन काडीकचरा कोठून आणायचा आणि जनावरांच्या वैरणीशी त्याचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तसाच राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात १०,००० जैव निविष्ठा केंद्रांची तरतूद आहे. निविष्ठा म्हणजे शेतात बाहेरून घातली जाणारी वस्तू. पोत्याच्या जागी पिंप आले, तरी शेताची गरज बाहेरून भागवण्याची सवय त्याने मोडत नाही.

काहीही न करण्याचे तत्त्वज्ञान सांगणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या मासानोबु फुकुओकांचा अनुभवही हेच सांगतो. जपानमधील शिकोकू बेटावरच्या वडिलांच्या संत्रावर्गीय बागेत त्यांनी तरुणपणी छाटणी एकदम थांबवली, तेव्हा फांद्या एकमेकांत गुंतल्या, कीड पडली आणि झाडे मेली. माणसाने एकदा वळण लावलेल्या झाडाला सोडून देणे म्हणजे निसर्गाकडे परत जाणे होत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे त्यांच्या शेतात भात, हिवाळी धान्य, पांढरी क्लोव्हर आणि भाताचा पेंढा यांचे जे वेळापत्रक बसले, ते अनेक वर्षांच्या निरीक्षणातून आलेले होते. एक पीक उभे असतानाच त्यात दुसऱ्याचे बी टाकायचे, कापणीनंतर पेंढा त्याच शेतात पसरायचा, आणि या दोन कामांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हे सर्व त्यांनी बारकाईने ठरवलेले होते. 'काही न करणे' हे त्या शेतीचे फळ होते. तिची सुरुवात कठोर अभ्यासाने झाली.

हा अभ्यास कसला, हे ठोसपणे सांगितले पाहिजे, कारण आखणी हा शब्द हवेत राहिला तर तोही एक घोषणा बनेल. पहिला विषय पाण्याचा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडते; अवर्षणप्रवण समजल्या जाणाऱ्या, ५०० मिलिमीटर पावसाच्या तालुक्यातही एकरी २० लाख लिटर पाणी दर वर्षी येते. ते कोठून शिरते, कोठे वेग घेते आणि कोठे माती घेऊन जाते, हे ज्याला दिसत नाही त्याने विहीर खोल करून उपयोग नाही. समपातळी शोधायला महाग यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकली आणि वरच्या गाठीतून दोरीने दगड लोंबकळत सोडला की चौकट तयार होते. चौकट एकदा उभी करून दोरी पट्टीला जेथे टेकते तेथे खूण करायची, मग तिचे दोन पाय अदलाबदल करून नेमक्या त्याच दोन जागी ठेवायचे आणि दुसरी खूण करायची; दोन खुणांच्या बरोबर मधली जागा म्हणजे समपातळीची खूण. तिच्या आधारे पाय पुढे पुढे टाकत उतारावर चुन्याची रेषा ओढली की बांध आणि चर कोठे घ्यायचे ते शेतकरी स्वतः ठरवू शकतो. यानंतर मातीचा विषय येतो, आणि येथे पोथीनिष्ठ माणूस फसतो. मुरमाड, हलक्या जमिनीत सलग समतल चर पाणी जिरवतात. पण तसेच चर भारी काळ्या जमिनीत खणले तर चिकणमाती फुगते, पाणी दिवसेंदिवस तुंबते आणि तूर-सोयाबीन उभळून जाते. तेथे बांधाला हलका ढाळ आणि सुरक्षित सांडवा हवा, किंवा रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी हवी, म्हणजे वरंब्यावर पीक आणि सरीतून जादा पाण्याचा निचरा. तीच गोष्ट सावलीची. महाराष्ट्राच्या अक्षांशावर रब्बीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिण बांधावरचे उंच झाड आपल्याच गव्हावर सावली धरते आणि उत्तर बांधावरचे झाड शेजाऱ्याच्या. बांधावरच्या भांडणांमागे असले साधे भूमितीचे कारण अनेकदा असते, आणि दोन शेजाऱ्यांनी एकत्र बसून झाडांची जागा ठरवली तर ते टळते.

असल्या आखणीला परदेशी आयात किंवा शहरी हौस ठरवणारा एक आक्षेप ऐकू येतो. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये टास्मानियात पर्माकल्चर ही संकल्पना, म्हणजे कायम टिकणाऱ्या शेती-वस्तीच्या रचनेचे शास्त्र, पुस्तकरूपाने मांडली हे खरे. तिच्या महागड्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे भिंतीवर लावून थंड हवेतील वाफे दख्खनच्या उन्हात उतरवले जातात हेही खरे, आणि त्यावरची टीका रास्त आहे. पण विद्या तेथे जन्मली असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. गोव्याच्या खाड्यांकाठची खाजन शेती ही समुद्राच्या भरतीओहोटीवर चालणारी रचना आहे. मातीच्या बांधांनी खारे पाणी अडवलेले असते आणि बांधातील मानस नावाच्या दरवाजाची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघाल्यावर तेथे क्षार सहन करणारे कोरगूट भात पिकते, आणि मानशीपाशी मासळी मिळते. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांमध्ये विभागून प्रत्येक फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि ते वर्षागणिक पालटायचे, असा दंडक होता; पाण्याची वाटणी आणि पिकांची फेरपालट एकाच नियमात बसवलेली होती. आधुनिक कंपोस्टशास्त्राचा पाया ज्या इंदूर पद्धतीने घातला, तिच्यावरील १९३१ च्या पुस्तकावर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्डचे नाव जगभर घेतले जाते आणि वाड यांचे नाव मराठी कृषी पदवीधरालाही ठाऊक नसते, ही खंत नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अधिक गंभीर आक्षेप लहान शेतकऱ्याविषयीचा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्या तुकड्यावर पाणलोट कसला आखायचा, आणि दुसऱ्याची जमीन बटईने करणाऱ्याने फळझाडे कोणाच्या भरवशावर लावायची? हा प्रश्न खरा आहे, आणि वैयक्तिक शेताच्या सुंदर नकाशांनी तो सुटत नाही. त्याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर शोधले. सुमारे ४० एकर पडीक जमिनीवर त्यांनी आधी बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि विहीर यांची साखळी उभी करून दाखवली, आणि मग पाणी पंचायतीचे नियम बसवले: पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचा, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, उसाला मात्र पाणी द्यायचे नाही. शेताची आखणी येथे गावाच्या न्यायाची आखणी झाली. खाजनांचा उलटा अनुभवही तेच सिद्ध करतो, कारण बांधांची डागडुजी करणारी गावकरी संस्था दुबळी झाली तेथे बांध फुटून शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. बटईदाराला किमान काही वर्षांच्या लेखी कराराचे संरक्षण मिळाल्याशिवाय त्याच्याकडून झाडांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, एवढे या आक्षेपातून घेतलेच पाहिजे.

शिकणे शक्य आहे का, या शेवटच्या शंकेला महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला तो पगारी तज्ज्ञांवाचून. द्राक्षबागायतदारांनी आपल्या वेलीवरील पाने, ऊन आणि मुळे यांची निरीक्षणे लिहायची, ती एकमेकांसमोर मांडायची आणि जे टिकेल ते पुढच्या हंगामात करून पाहायचे, अशी ती शाळा होती, आणि शाळेत फारसे न गेलेली माणसे तिच्यात वनस्पतिशास्त्राच्या भाषेत वाद घालू लागली. आंध्र प्रदेशात २०१६ पासून चाललेल्या सामूहिक नैसर्गिक शेतीच्या कार्यक्रमाचा कणाही महिला बचत गट आणि अनुभवी शेतकरी-शिक्षक हेच आहेत. तेथे अनेक प्रकारच्या बियांवर मातीचा लेप देऊन त्या पावसाळ्यापूर्वीच पेरतात, जेणेकरून जमीन वर्षातील अधिकाधिक दिवस हिरवी राहावी.

म्हणून टीकाकारांना आणि कृषी विद्यापीठांना एकच आवाहन करावेसे वाटते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील प्रक्षेत्रांवर तुलना व्हावी, ती खत दिलेला वाफा आणि खत न दिलेला वाफा यांची नव्हे. पूर्ण आखलेले शेत आणि आजचे एकपिकी शेत यांची, किमान सात-आठ वर्षे, आणि हिशेब केवळ क्विंटलचा न ठेवता वाहून गेलेली माती, मुरलेले पाणी, सेंद्रिय कर्ब आणि शेतकऱ्याच्या हाती उरलेला पैसा या सर्वांचा ठेवावा. त्याबरोबरच कृषी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाच्या शिवाराचा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा नकाशा शेतकऱ्यांसोबत चालून तयार केल्याशिवाय त्याला पदवी देऊ नये.